शस्त्रक्रियेनंतरची दुसरी परीक्षा

मंगरूळपीर (खास प्रतिनिधी) : लिंगबदल म्हटले की चर्चा शस्त्रक्रियेपाशीच थांबते. वस्तुतः शस्त्रक्रिया हा या प्रवासातील केवळ एक टप्पा. नव्या ओळखीची सरकारदरबारी नोंद होणे, ही दुसरी आणि अनेकदा अधिक दीर्घ परीक्षा असते.

मांगा या जपानी चित्रकथेच्या प्रकारात हा अनुभव प्रांजळपणे आला आहे. 'ची' या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकर्तीचे आत्मकथन २०१६ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये ते 'द ब्राइड वॉज अ बॉय' या नावाने इंग्रजीत आले. मुलगा म्हणून जन्म, थायलंडमधील शस्त्रक्रिया, कुटुंबनोंदीतील बदल आणि मग विवाह, असा हा क्रम. तो तिने स्वेच्छेने ठरविलेला नव्हता. जपानच्या २००३ च्या कायद्यानुसार प्रजननक्षमता गमावल्याखेरीज नोंद बदलत नसे. ही अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

महाराष्ट्रालाही या दुसऱ्या परीक्षेची ओळख आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या महिला पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषांमध्ये आढळणारे 'वाय' गुणसूत्र दिसले होते. त्यामुळे त्यांची वैद्यकीय स्थिती 'ची'पेक्षा निराळी होती. अडचण मात्र तशीच. महिला म्हणून भरती झालेली व्यक्ती पुरुष म्हणून सेवेत राहू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर नियमांत नव्हते. रजा नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर शासनाची अनुमती मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे या नावाने ते पोलीस दलातच राहिले.

कायद्याची भूमिका काय? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात, लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरविले. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने मात्र दोन पायऱ्या केल्या. 'तृतीयपंथी' अशा नोंदीसाठी शस्त्रक्रियेची अट ठेवली नाही. स्त्री किंवा पुरुष अशा नोंदीसाठी रुग्णालयाचा दाखला मागितला. दोन्ही प्रमाणपत्रांचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे सोपविला. मंगरूळपीरच्या रहिवाशासाठी ते कार्यालय वाशीमला आहे.

या दुसऱ्या पायरीवरच खरी मेख आहे. शस्त्रक्रिया खर्चिक असते, टप्प्याटप्प्याने होते, आणि प्रत्येकाला ती झेपेल वा हवी असेल असे नाही. ज्याच्याजवळ पैसा आणि मोठ्या शहरातील रुग्णालय नाही, त्याची ओळख मग अर्ध्यावरच अडते. शस्त्रक्रिया ही निवड असावी की नोंदीची किंमत, हा प्रश्न म्हणूनच डॉक्टरांइतकाच कायदा करणाऱ्यांनाही विचारावा लागतो.