इन्व्हर्टरचे माप : क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने

'इन्व्हर्टर' या शब्दाचा मराठी व्यवहारातील अर्थ आणि तंत्रज्ञाच्या परिभाषेतील अर्थ यांत बरेच अंतर पडले आहे. वीज गेली असता दिवे-पंखे चालू ठेवणारा जो संच घराच्या कोपऱ्यात असतो, त्या सबंध संचास, म्हणजे बॅटरी, ती भरणारे साधन, आपोआप पालटणारा खटका आणि रूपांतरक मंडल या साऱ्यांस मिळून, व्यवहारात इन्व्हर्टर म्हणतात. परिभाषेत मात्र हा शब्द यांपैकी एकाच घटकाचा वाचक आहे : दिष्ट प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे मंडल. मूळ इंग्रजी शब्दही 'उलट करणारा' एवढेच सांगतो. कशाच्या उलट, ते सांगत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दिष्ट प्रवाह करणारी यंत्रे अगोदर प्रचारात होती, आणि त्यांच्या कार्याच्या उलट कार्य करणाऱ्या साधनास हे नाव मिळाले. १९२५ साली डेव्हिड प्रिन्स यांनी 'जनरल इलेक्ट्रिक रिव्ह्यू' या नियतकालिकात याच शीर्षकाचा लेख लिहिला, त्यात हा शब्द जवळजवळ आजच्याच अर्थाने आला आहे.

अर्थविस्ताराचे हे उदाहरण केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे ठरले असते, तर त्याचा येथे विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु घटकाचे नाव संचाला लागल्यामुळे घटकाचे मापही संचाचे मानले जाते, आणि तेथे घोटाळा होतो. 'पाचशेचा इन्व्हर्टर किती तास चालेल?' हा प्रश्न दुकानात नित्य ऐकू येतो. वस्तुतः तो 'अमुक व्यासाच्या नळातून पाणी किती तास येईल?' या प्रश्नासारखा आहे. नळाचा व्यास एका वेळी किती पाणी जाऊ शकेल ते ठरवितो. किती वेळ येईल ते टाकीवर अवलंबून. इन्व्हर्टरवरील व्होल्ट-अँपिअरचा आकडा हा नळाचा व्यास होय, आणि बॅटरीवरील अँपिअर-तासांचा आकडा ही टाकी.

मेळघाटात कोरकूचे किंवा भामरागडच्या परिसरात माडियाचे ध्वनिमुद्रण करण्यास निघालेल्या पथकाला ही गल्लत महागात पडते. वीज दिवसभर मिळेल असे गृहीत धरता येत नाही. आणि वृद्ध निवेदकाची एखादी बैठक सामग्री बंद पडल्यामुळे हुकली, तर ती पुन्हा जुळून येईलच असे नाही.

प्रथम मंडलाची रचना पाहू. बारा व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याच्या मध्याशी जोडलेले असते. वेटोळ्याची दोन टोके दोन ट्रान्झिस्टरांमधून ऋण टोकाकडे येतात. हे ट्रान्झिस्टर केवळ खटक्याचे काम करतात. पहिला दहा मिलिसेकंद मिटला की प्रवाह वेटोळ्याच्या एका अर्ध्यातून वाहतो. तो उघडून दुसरा मिटला की चुंबकीकरणाची दिशा पालटते. वीस मिलिसेकंदांत एक आवर्तन, म्हणजे सेकंदाला ५०, आणि दुय्यम वेटोळ्यावर २३० व्होल्ट. खटक्यांना आळीपाळीने इशारा देण्यास 'सीडी ४०४७' ही साधी चिप पुरते. तिचा आवर्तनकाल रोध आणि धारित्र यांच्या गुणाकाराच्या ४.४ पट असतो, तेव्हा ०.१ मायक्रोफॅरडच्या धारित्रास सुमारे ४५ किलोओहमचा रोध लागतो. दोन गोष्टी मात्र विसरता येत नाहीत. उघड्या खटक्यावर बॅटरीच्या दुप्पट दाब येतो, आणि उघडताना क्षणभर त्याहूनही अधिक. म्हणून बारा व्होल्टच्या मंडलातही ५५ व्होल्ट सहन करणारे ट्रान्झिस्टर घ्यावे लागतात. शिवाय दोन्ही खटके एकाच वेळी मिटले तर बॅटरी जणू थेट जोडली जाते आणि ट्रान्झिस्टर क्षणार्धात जळतात. यास्तव एक उघडणे आणि दुसरा मिटणे यांच्या दरम्यान थोडा अवकाश ठेवतात.

अशा मंडलातून निघणारा तरंग चौकोनी असतो, ज्यावक्रीय नव्हे. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास या भेदाचे महत्त्व इतरांपेक्षा अधिक आहे. ५० हर्ट्‌झच्या चौकोनी तरंगात १५०, २५०, ३५० अशा विषम पटींच्या वारंवारताही असतात, आणि त्यांचे बळ मूळ तरंगाच्या अनुक्रमे एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश असते. रोहित्राच्या चुंबकक्षेत्रातून किंवा लॅपटॉपच्या चार्जरवाटे ही घरघर मायक्रोफोनच्या तारेत शिरली, तर ती नेमकी भाषणाच्या प्रदेशात जाऊन बसते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा १०० ते १५० हर्ट्‌झच्या आसपास असतो. इ आणि उ यांचा पहिला फॉर्मंट ३०० हर्ट्‌झच्या जवळपास येतो. केवळ ५० हर्ट्‌झची घरघर गाळणीने सहज काढता येते, कारण तेथे भाषणातील काहीच नसते. १५० ची काढू गेल्यास मोजावयाचा स्वरही तिच्याबरोबर जातो.

यावर बाजारात जो मध्यम मार्ग निघाला, त्यास 'सुधारित' तरंग म्हणतात. यात दोन दिशांच्या स्पंदांमध्ये काही काळ दाब शून्य ठेवलेला असतो. हा काळ किती असावा, या प्रश्नाचे उत्तर मोठे उद्‌बोधक आहे. घरगुती विजेचा परिणामी दाब २३० व्होल्ट असला तरी शिखर ३२५ चे असते, आणि अनेक उपकरणांना ते शिखर हवे असते. स्पंद दहांपैकी पाच मिलिसेकंद ठेवल्यास ३२५ चे शिखर आणि २३० चा परिणामी दाब दोन्ही साधतात. तथापि १५० हर्ट्‌झचा घटक मूळ तरंगाच्या एक तृतीयांश असतो तसाच राहतो. स्पंद ६.६७ मिलिसेकंदांचा केल्यास तो घटक पूर्णपणे नाहीसा होतो, पण मग शिखर २८२ वर उतरते. २५० चा घटक दोन्ही प्रकारांत उरतोच. उपकरणाच्या सोयीचा तरंग आणि कानाच्या सोयीचा तरंग येथे एक नाहीत, आणि 'सुधारित' हे विशेषण कोणत्या दृष्टीने सुधारित ते सांगत नाही. खटके सेकंदाला हजारो वेळा हलवून, स्पंदांची रुंदी ज्येप्रमाणे कमी-अधिक करून आणि अखेरीस गाळणी लावून जो ज्यावक्रीय तरंग मिळवितात, तोच मुद्रणस्थळी नेण्यास योग्य. चौकोनी तरंगाचे मंडल शिकण्यासाठी अवश्य बांधावे. त्यावर दिवा लावावा, मुद्रण करू नये.

आता माप. पथकाजवळ ६५ वॅटच्या चार्जरचा लॅपटॉप, ९ वॅटचे दोन एलईडी दिवे आणि ५० वॅटचा टेबलपंखा आहे असे धरू. बेरीज १३३ वॅट. परंतु इन्व्हर्टर वॅटवर नव्हे, व्होल्ट-अँपिअरवर मोजला जातो, आणि लहान चार्जर प्रवाह झटक्याझटक्याने ओढत असल्यामुळे त्यांचा शक्तिगुणक कमी असतो. चार्जरचा ०.५५, दिव्यांचा ०.६ आणि पंख्याचा ०.९ धरल्यास अनुक्रमे ११८, ३० आणि ५६, म्हणजे सुमारे २०४ व्होल्ट-अँपिअर होतात. त्यावर चतुर्थांश राखीव ठेवून ३०० चे साधन पुरेसे ठरते. शीतकपाट किंवा पंप असता तर हा हिशेब कोलमडला असता. त्यांचे मोटर सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढतात.

टाकीचा हिशेब निराळा. येथे व्होल्ट-अँपिअर बाजूस ठेवून वॅटकडे परतावे लागते. सहा तासांसाठी १३३ गुणिले ६ म्हणजे ७९८ वॅट-तास. रूपांतरात शंभरांतील पंधरा भाग वाया जातात असे मानले, तर बॅटरीतून ९३९ निघावे लागतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून दुप्पट, १,८७८. बाराने भागता १५६ अँपिअर-तास. बाजारातील १५० ची बॅटरी किंचित अपुरी पडते. त्यातही तिचा तो आकडा बहुधा वीस तासांच्या संथ उपसण्याचा असतो, आणि येथील १३ अँपिअरच्या वेगाने ती तेवढे देत नाही. मात्र पंखा वगळला तर हीच गरज ९८ अँपिअर-तासांवर येते. मुद्रण चालू असताना पंखा तसाही बंदच ठेवावा लागतो, ही गोष्ट हिशेबाच्या पहिल्याच ओळीत लिहिली असती तर एक जड बॅटरी वाहून नेण्याचे श्रम वाचले असते.

तारांविषयी थोडक्यात. ३०० वॅटच्या भारास बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरली असता सुमारे ३४ अँपिअर लागतात. घरातील २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन दोन मीटर वापरली, तर तिच्यातच जवळजवळ अर्धा व्होल्ट खर्च होतो. २३० व्होल्टमध्ये अर्ध्या व्होल्टचे काही वाटत नाही, साडेदहांत वाटते. १० चौरस मिलिमीटरची तार घ्यावी, आणि ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच बसवावा, कारण तार घासून टोके एकमेकांस भिडली तर आग त्या दोहोंमधल्या अंतरातच लागते. इन्व्हर्टरचे निर्गम टोक घराच्या वीजजोडणीत कधीही घालू नये. खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती तार मेलेली असते. भरत असलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा ती बंद खोलीत ठेवू नये.

ध्वनिमुद्रक स्वतः या संचावर जोडू नये. तो त्याच्या अंगच्या सेलांवर चालवावा, बैठकीच्या वेळी लॅपटॉपही चार्जरपासून सोडवावा, आणि इन्व्हर्टर भिंतीपलीकडे, मायक्रोफोनच्या तारेला समांतर तार न जाईल अशा रीतीने ठेवावा. सेल भरण्याचे काम त्याने रात्री करावे.