मोठी मोटर म्हणजे चांगले ग्लायडर नव्हे

मोटर आहे, मग ते ग्लायडर कसले? विजेवर चालणाऱ्या रेडिओ-नियंत्रित ग्लायडरबद्दल हा प्रश्न हमखास येतो. मोटर असते ती वर जाण्यापुरती. अर्ध्या मिनिटात शंभरेक मीटर उंची गाठायची आणि मोटर बंद करायची. पंख्याची पाती मागे मिटतात आणि तिथून पुढचा सगळा खेळ हवेचा.

“वारा जितका जोरात, तितके जास्त वेळ तरंगेल,” हा समज आपल्या बोळिंजमध्ये सहज रुजतो, कारण अर्नाळ्याचा किनारा जवळ आहे आणि दुपारी खारा वारा सुटतोच. पण आडवा वाहणारा वारा विमानाला फक्त वाहून नेतो. मोटर बंद असलेले ग्लायडर भोवतालच्या हवेतून सतत खालीच उतरत असते. ते ज्या वेगाने उतरते त्याहून जास्त वेगाने हवा वर चढत असेल, तरच त्याची उंची वाढते. ही चढती हवा, म्हणजे थर्मल, तापलेल्या जमिनीवरून उठते. समुद्रावरची गार हवा आत शिरली की किनाऱ्यालगतचे थर्मल मंदावतात. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यातली सकाळ मोलाची. मतलई वारा पडलेला असतो आणि खारा अजून सुटलेला नसतो. नवख्याने या शांत हवेत हात बसवावा. थर्मल शोधायचे ते ऊन चढल्यावर, खारा वारा सुटायच्या आत. पंख न हलवता गोल फिरत वर चढणारी घार दिसली, तर त्या जागी हवा चढते आहे हे नक्की समजा.

इथल्या म्हाडाच्या टोलेजंग इमारतींच्या आडोशाला उडवणे सुरक्षित, असेही काही जणांना वाटते. उलट इमारतीच्या मागे हवा घुसळते आणि हलके विमान त्यात गोते खाते. त्यापेक्षा भातकापणीनंतरची रिकामी खाचरे कधीही बरी. मात्र मालकाची परवानगी हवी आणि विजेच्या तारा व वस्ती लांब हवी.

शिकायला छोटे विमान सोपे, हाही गैरसमज. छोटे विमान चटकन वळते आणि वाऱ्यात हेलकावते. दीड-दोन मीटर पंखांचे हळू उडणारे ग्लायडर विचार करायला वेळ देते. पंख टोकांकडे वर उचललेले असतील तर रिमोटची स्टिक सोडल्यावर ते बरेचदा आपोआप सावरते. विमान खाली येताना दिसले की नवखा घाबरून स्टिक मागे ओढतो. नाक वर जाते, वेग तुटतो, पंखांची उचल संपते आणि विमान कोसळते. अशा वेळी स्टिक थोडी पुढे सारून आधी वेग मिळवायचा. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावे-उजवे उलटे भासते. तेव्हा जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची.

आता अपग्रेड. दुकानात पहिला सल्ला मिळतो तो मोठ्या मोटरचा आणि मोठ्या बॅटरीचा. पण त्याने वजन वाढते. नऊशे ग्रॅमचे ग्लायडर अकराशे ग्रॅमचे झाले, की हवेत टिकायला लागणारा किमान वेग सुमारे 10 टक्के वाढतो आणि ते खाली उतरते तेही तेवढ्याच जास्त वेगाने. कमकुवत थर्मलमध्ये तरंगायची संधी इथेच हातची जाते. मोठ्या पंख्यातही धोका आहे. त्याचा व्यास 8 इंचांवरून 9 केला आणि फेरे तेच राहिले, तर लागणारी शक्ती जवळजवळ 60 टक्क्यांनी वाढते, कारण ती व्यासाच्या चौथ्या घातात बदलते. मोटर आणि 20 अँपिअरचा स्पीड कंट्रोलर तेच ठेवून फक्त पंखा बदलणारे त्यामुळेच कंट्रोलर जाळून बसतात. नवा पंखा लावला की वॉटमीटरने जमिनीवरच करंट मोजावा.

माझ्या मते पहिली सुधारणा तोलाची. गुरुत्वमध्य उत्पादकाने सांगितलेल्या जागी हवा. बॅटरी बोटभर मागे सरकली तरी शेपूट जड होते आणि विमान हाताबाहेर जाते. मग सर्व्हो आणि तो हलवतो ते नियंत्रण-पृष्ठभाग यांच्यातला ढिलेपणा काढावा आणि मिटणाऱ्या पात्यांचा पंखा नसेल तर तो बसवावा. स्पीड कंट्रोलरमध्ये ब्रेक चालू करायला विसरू नये, नाहीतर पाती वाऱ्याने फिरतच राहतात. यातून जे मिळते ते मोठी मोटर देत नाही.

“खेळण्याला कसला कायदा?” आणि “परवान्याशिवाय उडवणे गुन्हाच,” ही दोन्ही टोके चूक. ड्रोन नियम, 2021 दूरनियंत्रित विमानांनाही लागू आहेत. 250 ग्रॅम ते 2 किलो हा सूक्ष्म गट. हौसेसाठी उडवायला त्यात पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही, पण नकाशा बदलू शकतो. म्हणून उडवण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवर आपली जागा पाहावी आणि नोंदणीच्या अटीही तपासाव्यात. शिवाय पोलिसांचा तात्पुरता मनाई आदेश लागू असेल, तर हिरव्या क्षेत्रातही विमान घरीच ठेवावे लागते.