सातारा ते सांगली, व्हाया कॉन्फिडन्स

सिटीत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला गाडी येते. विश्रामबागेच्या गर्दीतून वाट काढली, रिक्षाला अलगद कट मारला, सिग्नल सुटल्यावर सगळ्यांच्या आधी निघालो, की झालो आपण रायडर! मग एका सकाळी हायवेला लागायचं. मागून ट्रेलरचा हॉर्न वाजतो, पाठीत कळ येते, हात हँडलला चिकटतात आणि कळतं, की बॉस, हा गेमच वेगळा आहे.

मी एकोणतीस वर्षांची. नोकरी सांगलीत, घर साताऱ्यात. कॉलेजपासून स्कूटर चालवलेली, पण गिअरची गाडी अशी पहिलीच. मागच्या वर्षी दीडशे सीसीची मोटरसायकल घेतली, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, ‘लडाखला कधी?’ लडाख वगैरे काही नाही हो. मला फक्त दर शनिवारी सातारा गाठायचा होता.

कारण आई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती एकटी असते आणि भाजी, औषधं, बँक, डॉक्टर, सगळं शनिवारवर येऊन थांबतं. एसटीनं जायचं तर स्टँडवर वाट बघणं, कधी कराडला गाडी बदलणं, यातच अर्धा दिवस संपतो. साधारण सव्वाशे किलोमीटरचं अंतर. स्वतःची गाडी असेल तर नाष्ट्याला घरी!

आईनं ऐकलं आणि एकच शब्द उच्चारला, ‘नाही.’

तिचं चुकत नव्हतं. आमच्या आळीतला एक मुलगा उंब्रजच्या पुढे गेला, तो परत आलाच नाही. आणि आकडे आईच्याच बाजूचे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ‘काही होत नाही गं’ हे वाक्य या आकड्यांपुढे फार पोकळ वाटतं.

शेवटी आमच्यात तह झाला. अंधारात गाडी नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय किक नाही (सेल्फस्टार्ट आहे, पण आईच्या भाषेत किकच). आणि कराडहून फोन.

आधी कराड, मग सांगली

आमच्या आळीत एक मामा आहेत. बंगळूर लाइनवर तीस वर्षं ट्रक चालवून आता निवांत बसलेले. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, ‘पोरी, एकदम सांगली नको. आदी नागठाण्यापातूर जा, परत ये. मग कराड. मग पेठ नाका. रस्ता तुकड्यातुकड्यानं पाठ कर.’

तसंच केलं. रविवारी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, गोडोलीहून शेंद्र्याकडे निघायचं. पहिल्या रविवारी नागठाण्यापर्यंतच. पुढच्या दोन रविवारी कराड. प्रीतिसंगमावर दहा मिनिटं बसून परत. तिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोन नद्यांचं मर्जिंग इतकं शांत, आणि आपण सर्व्हिस रोडवरून हायवेला मर्ज होताना एवढे का घाबरतो, असा विचार तिथं हमखास यायचा!

उत्तर सोपं आहे. आपला वेग कमी असतो आणि मागच्याचा जास्त. त्यामुळे हायवेवर येण्याआधीच वेग वाढवायचा, आरशात बघायचं, मान वळवून एकदा खात्री करायची, इंडिकेटर द्यायचा आणि मगच सरकायचं. मधेच थबकलं, की मागच्याला आपला अंदाज येत नाही.

हवा, आरसे आणि इंडिकेटर

सगळ्यात जास्त भीती ओव्हरटेकची वाटायची. आपण ट्रकला ओव्हरटेक करतो तेव्हा ट्रक वारा अडवून धरतो. त्याच्या तोंडापुढे गेलो रे गेलो, की हवेचा धक्का बसतो आणि गाडी एका बाजूला ढकलली जाते. मला वाटायचं टायरच गेला! मामा म्हणाले, ‘हँडल आवळू नको. गुडघ्यानं टाकी धर, हात सैल सोड. गाडी आपली आपण सरळ हुती.’ खरंच होते. आवळलेला हात प्रत्येक झटका थेट हँडलला देतो, सैल हात तो पचवतो.

दुसरा फंडा आरशाचा. ‘ट्रकवाल्याचं तोंड त्याच्या आरशात दिसत नसंल, तर तू त्याच्यासाठी रस्त्यावर न्हाईसच.’ त्या जागेत रेंगाळायचं नाही. एक तर मागे राहायचं, नाही तर झटकन पुढे जायचं.

तिसरा इंडिकेटर. एका ट्रकचा उजवा इंडिकेटर म्हणजे ‘ये, जा पुढे’, दुसऱ्याचा म्हणजे ‘मीच वळतोय’. कोणता कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून रस्ता स्वतःच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, पण हॉर्नची भाषा काही संपलेली नाही. पुढे जाण्याआधी एक छोटा हॉर्न आणि एक डिपर द्यावाच.

थोडं गणित (घाबरू नका!)

ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ८० ला २२ मीटर. समोर काही दिसल्यावर ब्रेकवर बोट जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर एवढं अंतर ब्रेक न लागताच संपतं. पुढे ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. म्हणजे ६० चे ८० केले, तर ते पावणेदोन पटीहून जास्त होतं. २०१८ च्या अधिसूचनेनं चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला ८० ची मर्यादा घातली. मी ६५ ते ७० ला खूश असते. सव्वाशे किलोमीटरमध्ये ८० नं फार तर पंधरा-वीस मिनिटं वाचतात, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. तेवढ्यात आईचा चहासुद्धा होत नाही.

ब्रेकचंही तसंच. मागचा ब्रेक दाबायची स्कूटरची सवय इथं पुरत नाही. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी ताकद पुढच्या ब्रेकची. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, तरी मी मोकळ्या मैदानावर पन्नास वेळा ब्रेक मारून बघितला. कंटाळवाणं काम, पण बोटांना पाठ झालं.

उसाचा सीझन

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं, की आष्टा, तुंग, डिग्रज. हा पट्टा उसाचा. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, वर उसाचा डोंगर आणि टेपवर फुल्ल टू गाणी! ट्रॅक्टर ताशी २० नं चाललेला, आपण ७० नं. फरक ५० चा, म्हणजे सेकंदाला १४ मीटर. रात्री मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली हेडलाइटच्या झोतात ५० मीटरवर दिसली, तर हाती साडेतीन सेकंद. आईची ‘अंधारात नाही’ ही अट मला तेव्हा पूर्ण पटली.

दिवसाही उलट्या दिशेनं येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून निघणारी म्हैस, सहापदरीकरणाच्या कामांमुळे बदललेली वळणं, काहीही समोर येऊ शकतं. कासेगावच्या अलीकडे एकदा डावीकडच्या शेतरस्त्याच्या तोंडाशी धुळीचा लोट दिसला. काही विचार करायच्या आत माझं बोट ब्रेकवर होतं आणि वेग ४५ वर आलेला. दोन सेकंदांनी एक भरलेला पिकअप न थांबता हायवेवर आला आणि निघूनही गेला. मी तशीच पुढे गेले. ना छातीत धडधड, ना तोंडात शिवी. पुढच्या पंपावर पाणी पिताना कळलं, अरे, आज आपण घाबरलोच नाही! कॉन्फिडन्स म्हणजे आरडाओरडा करत १०० ला जाणं नव्हे. धूळ दिसली की पिकअप दिसायला लागणं, हा खरा कॉन्फिडन्स.

नव्यानं हायवेला लागताय? मग हे करा

• निघण्याआधी टायरची हवा, चेन, ब्रेक आणि मागचा दिवा बघा. टायर थंड असतानाच हवा मोजा.
• पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात चार.
• खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. जिथून जायचंय तिथं बघा.
• आयएसआय मार्कचं हेल्मेट, पट्टा घट्ट. बोटं झाकणारे हातमोजे आणि बूट.
• दर तासाला थांबा. थकवा आधी डोळ्यांत येतो, मग हातात.
• टोल नाक्यावर दुचाकीला टोल नाही, पण तिथल्या तेलकट रस्त्यावर ब्रेक जपून.

आता दर शनिवारी उजाडल्यावर निघते. १९२९ च्या आयर्विन पुलाखालून वाहणारी कृष्णा पुढे कराडला पुन्हा भेटते, आणि नाष्ट्याला मी घरी असते. सोबत भडंगाचा पुडा, रविवारी परतताना कंदी पेढे. आईचा फोन अजून येतोच, कराडला बरोबर. फक्त प्रश्न बदललाय. पूर्वी विचारायची, ‘नीट आहेस ना गं?’ परवा म्हणाली, ‘पेठ-आष्टा रस्त्याला ऊस लागला असंल, ट्रॉलीच्या मागं राहू नको हां. आणि मला पुढच्या वेळी यवतेश्वरापर्यंत मागं बसवून नेशील का?’

तिच्या मापाचं हेल्मेट मी बघून ठेवलंय.