दोन जुन्या मोटारींतून एक निवडतांना



ज्याचें आयुष्य शाळेच्या फळ्यापुढें गेलें, त्यानें मोटारींविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु प्रसंगच तसा आला. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतों, ती भोर तालुक्यांत वरंध घाटाच्या अलीकडे आपल्या मुलाजवळ राहते. वय अठ्ठ्याहत्तर. मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें आठवड्यांतून दोनदां यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यासाठीं तिला पस्तीस किलोमीटर दूर न्यावें लागतें, आणि हा फेरा चुकवून चालत नाहीं. रस्ता बहुतेक डांबरी आहे; परंतु घरापासूनचे पहिले तीन किलोमीटर तांबड्या मातीचे असून आषाढांत त्यांचा नुसता राडा होतो. २०२४ सालच्या पावसाळ्यांत साधी मोटार तेथें दोनदां रुतली, आणि एकदां तर अक्काला खुर्चीवर बसवून चौघांनीं डांबरी रस्त्यापर्यंत उचलून नेली. तेव्हां माझ्या भाच्यानें ठरविलें कीं, चारही चाकांनीं ओढणारी मोटार घ्यावयाची. नवी घेण्याइतकें द्रव्य नव्हतें. दोन जुन्या मोटारी त्याच्या मनांत भरल्या होत्या. "मामा, तुम्ही एकदां पाहा," असें म्हणून २०२५ सालच्या एप्रिलमध्यें त्यानें मला बोलावून घेतलें. मला यंत्रांतलें फार कळतें म्हणून नव्हे. मी घाईनें मत देत नाहीं, अशी घरांत माझी ख्याति आहे म्हणून.

एक होती मारुतीची जिप्सी, २००९ सालची. दुसरी महिंद्राची थार, २०१६ सालची. जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली, ती एक लिटरहूनही थोडें लहान इंजिन घेऊन. पुढें २००० सालीं तिला सुमारे तेराशें घनसेंटिमीटरचें, ऐंशी अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन मिळालें, आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिचा मोठा गुण म्हणजे हलकेपणा. वजन सुमारे एक टन. रुतली तर चार गडी ढकलून काढतात. सैन्यानें तिचा पुष्कळ वापर केला, आणि लिलावांत निघालेल्या लष्करी जिप्सी पुष्कळांनीं हौसेनें घेतल्या. या हौशी लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते, ती जातां जातां सांगतों : लष्कराचा तो ऑलिव्ह हिरवा रंग खासगी वाहनास ठेवण्याची नियमानें बंदी आहे.

थार २०१० सालीं निघाली. २०२० सालीं त्याच नांवानें जी नवी मोटार आली ती अगदीं निराळी. आम्ही पाहिली ती जुन्या घडणीची. तिचें डिझेल इंजिन अडीच लिटरांचें, शंभराहून थोड्या अधिक अश्वशक्तीचें, आणि वजन दीड टनाहून अधिक. म्हणजे जोर मोठा, पण चिखलांत दबण्याची प्रवृत्तिही मोठी.

आतां "चारही चाकांनीं ओढणें" म्हणजे काय, हें थोडें समजून घेऊं. कारण पुष्कळ फसगत येथेंच होते. या दोन्ही मोटारी एरव्हीं मागच्या दोन चाकांवरच चालतात. एक दांडा ओढला म्हणजे पुढचीं चाकेंही इंजिनाला जोडलीं जातात. आणखी एक टप्पा आहे. त्यांत वेग पुष्कळ कमी होऊन चाकांवरचा जोर त्या प्रमाणांत वाढतो. परंतु वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांब वाटेनें जातात, आणि पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशीं घट्ट जोडला असेल तर हा फरक कोठें तरी जिरावा लागतो. चिखलांत चाक थोडें घसरतें आणि तो जिरतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाहीं; मग सारा ताण शाफ्टांवर, दात्यांवर आणि जॉइंटांवर येतो. म्हणून डांबरी रस्त्यावर हा दांडा ओढूं नये, आणि चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावे. पूर्वीच्या मालकाला हें ठाऊक होतें कीं नाहीं, हें तो तोंडानें सांगणार नाहीं. त्याचे दाते सांगतात.

तें कसें पाहावें? भाच्याच्या ओळखीचा एक मिस्त्री बरोबर होता. त्यानें दोन्ही मोटारींच्या खालीं शिरून पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचे बोल्ट सोडले आणि बोटावर तेल घेऊन पाहिलें. तेल दुधाळ झालें असेल तर आंत पाणी गेलेलें आहे, म्हणजे मोटार ओढ्यांतून खेळवलेली आहे. तेलांत लोखंडाचा चुरा दिसला तर दाते झिजत आहेत. मग त्यानें चेसीवर लहान हातोडीनें ठिकठिकाणीं ठोकून आवाज ऐकला. पत्रा गंजला तर बदलतां येतो. चेसी गंजून पोखरली असेल तर ती मोटार फुकट मिळाली तरी घेऊं नये. सुदैवानें दोहोंचेंही लोखंड शाबूत निघालें. टायरांवर चार अंकांचा एक शिक्का असतो, तोही मीं येथेंच प्रथम वाचला. जिप्सीच्या टायरांवर २३१९ होतें, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर नक्षी चांगली होती, पण रबर सहा वर्षांचें होऊन टणक झालें होतें.

शेताच्या कडेला पंपाचें पाणी सोडून आम्ही चिखल केला आणि त्यांत दोन्ही मोटारी घातल्या. एकजण दांडा ओढी, दुसरा बाहेर उभा राहून पुढचीं चाकें खरोखर ओढतात कीं नाहीं तें पाही. दोन्हीं पार झाल्या. जिप्सी अधिक सहजतेनें. थारच्या मागच्या आसाला मात्र एक सोय होती, जी २०१५ पासून त्या जातीला मिळाली : एक चाक खड्ड्यांत अधांतरीं फिरूं लागलें कीं डिफरन्शियल आपोआप जखडतें आणि दुसऱ्या चाकास जोर मिळतो. एरव्हीं सारी शक्ति त्या मोकळ्या चाकाबरोबर वायां जाते.

इंधनाचा प्रश्न भाच्याला फार मोठा वाटत होता. मीं कागद पेन्सिल घेतली. आठवड्याला चार खेपा, प्रत्येकीं पस्तीस, म्हणजे एकशें चाळीस किलोमीटर. मालकांच्या सांगण्याप्रमाणें जिप्सी लिटरला दहा जाई आणि थार बारा. एकीला चौदा लिटर, दुसरीला पावणेबारांच्या आंत. सव्वादोन-अडीच लिटरांच्या फरकासाठीं निर्णय इकडचा तिकडे करण्यांत अर्थ नव्हता. हा हिशेब पुष्कळांनीं घरीं करून पाहावा. जुन्या मोटारींत इंधनापेक्षां दुरुस्तीच अधिक खाते.

खरा प्रश्न निराळा होता, आणि तो अक्कानेंच विचारला. "अरे, पण मी चढायची कशी?" थारच्या मागच्या मालकानें हौसेखातर मोठीं चाकें बसवून व पाटे बदलून तिला चांगली वीतभर उंच केली होती. अक्काला पायरीवर पाय ठेवतां येईना. जिप्सींत ती पाट ठेवून चढली. त्या क्षणीं सर्वांचें मत जिप्सीकडे झुकलें, आणि माझेंही झुकलें, हें मी कबूल करतों.

तरी मीं म्हटलें, थोडें थांबूं. अक्काच्या जागीं मी स्वतः बसून तो तीन किलोमीटरचा रस्ता दोन्हींतून पार केला. जिप्सीला चारही चाकांवर पाटे आहेत. ओझें नसलें कीं प्रत्येक दगड मणक्यापर्यंत पोंचतो. थारचे पाटे फक्त मागें. पुढचें प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होतें, आणि पुढच्या बैठकीवर तो फरक स्पष्ट जाणवला. यंत्रावर चार तास काढून शीण घेऊन परतणाऱ्या म्हातारीला हें सोसवेल काय, एवढाच विचार माझ्यापुढें होता. जिप्सीचा दणका तिच्या घडणींतलाच. तो काढतां येणार नव्हता. थारची उंची मात्र माणसानें घातलेली होती, ती उतरवतां येत होती. शिवाय ती उतरवणें भागच होतें, कारण उत्पादकानें दिलेल्या घडणींत असे मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट तेथेंच ठेवते. मूळ मापाचे टायर व पाटे बसविण्याचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घेतला, आणि तेवढी रक्कम किंमतींतून कमी करण्याची अट घातली. मालकानें दोन दिवस आढेवेढे घेतले, मग मान्य केलें.

जिप्सीबद्दल मला वाईट वाटलें. तरणा मनुष्य एकटा डोंगरांत हिंडणार असता तर मीं तीच घ्या म्हटलें असतें.

कागदपत्रांचें थोडक्यांत सांगतों. नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा आहे काय तें प्रथम पाहावें. असेल तर तो ३५ नंबरच्या अर्जानें उतरवून घ्यावा. हस्तांतरणास २९ आणि ३० नंबरचे अर्ज लागतात, आणि दोघेही एकाच राज्यांतले असतील तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं वाढते. जिप्सीची तशी २०२९ पर्यंत वाढविलेली होती, थारची पहिलीच मुदत २०३१ पर्यंत होती.

मे महिन्यांत थार मूळ उंचीवर आली. तरीही ती अक्काला थोडी उंचच पडते. म्हणून स्वयंपाकघरांतला एक जाड पाट आतां कायमचा मोटारींत असतो. २०२५ च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकही फेरा चुकला नाहीं. दांडा त्या तीन किलोमीटरांतच ओढला जातो, आणि डांबर लागलें कीं अक्काच भाच्याला आठवण करून देते, "अरे, तो दांडा सोडलास काय?"