टाकाऊ ढिगाऱ्यांचे मोल

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून जाताना लालसर मातीचे टेकडीएवढे ढिगारे नजरेस पडतात. बाहेरून येणाऱ्यास ते सारखेच वाटतात. खाण अभियंत्याच्या लेखी मात्र त्यांत मोठा फरक असतो. काही ढिगारे निव्वळ दगडमातीचे, काही जहाजाची वाट पाहणाऱ्या खनिजाचे, तर काही अशा हलक्या खनिजाचे की जे आज विकणे परवडत नाही. पण फेकून देणेही शहाणपणाचे नाही. खाणीच्या नियोजनाचा खरा कस या तिसऱ्या प्रकारात लागतो.

खनिज कधीच एकजिनसी नसते. सकाळी ६० टक्के लोह असलेला थर लागला, तर संध्याकाळी त्याच खाणीत ५४ टक्क्यांचा लागू शकतो. खरेदीदाराला मात्र करारात ठरलेलीच प्रत हवी असते. समजा, करार ५८ टक्क्यांचा आहे. ६० टक्क्यांच्या १० हजार टनांत ५४ टक्क्यांचे ५ हजार टन मिसळले, तर सरासरी नेमकी ५८ भरते. एरवी पडून राहिले असते ते हलके खनिजही अशा रीतीने विकले जाते. अर्थात, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचे प्रमाणही सांभाळावे लागते, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब इतका सरळ नसतो.

मिश्रण साधण्याची युक्तीही पाहण्यासारखी आहे. स्टॅकर हे यंत्र लांबट ढिगावर मागेपुढे फिरत पातळ थर रचत जाते आणि रिक्लेमर तोच ढीग आडवा कापतो. अळूवडीचा उंडा आडवा कापला की प्रत्येक वडीत सगळे थर यावेत, तसाच हा प्रकार. गोव्यात साठ्याचे आणखी एक कारण होते, ते म्हणजे पावसाळा. त्या महिन्यांत खोदकाम आणि निर्यात मंदावत असे.

कोणत्या प्रतीपर्यंतच्या मालाला खनिज म्हणायचे, हा प्रश्न शेवटी अर्थशास्त्राचा आहे. केनेथ लेन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले, की ही किमान प्रत खाणीच्या आयुष्यभर एकच ठेवणे तोट्याचे ठरते. आरंभी उच्च प्रतीचे खनिज आधी विकून पैसा लवकर हाती घ्यावा आणि हलके बाजूला राखून पुढे वापरावे, हे धोरण त्यातूनच आले. मात्र राखून ठेवणे फुकट नसते. तोच माल दोनदा उचलावा लागतो. तांब्याच्या सल्फाइड खनिजाचे तर उघड्यावर ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून धातू कमी मिळतो.

गोव्याने या गणिताची दुसरी बाजूही पाहिली. जपानला निर्यात होत असताना हलक्या प्रतीचा बराच माल टाकाऊ म्हणून बाजूला पडत राहिला. २००० नंतरच्या दशकात चीनची मागणी वाढताच त्याच ढिगाऱ्यांना भाव आला. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर असे ढिगारे रचता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. उत्खनन होऊन पडून असलेल्या खनिजाच्या ई-लिलावाचा मार्गही न्यायालयाच्या देखरेखीखालीच निघाला. टाकाऊ म्हणून कुठेही रचलेल्या मातीचा मालक कोण, हा प्रश्न तिला किंमत आल्यावरच टोकदार झाला. भातशेती असलेल्या गावांची तक्रार मात्र बाजारभावावर अवलंबून नव्हती. पावसात वाहून येणारा गाळ शेतांत आणि ओढ्यांत साचतच होता.

नियोजनातला साठा आणि नुसता ढिगारा यांतला फरक नोंदवहीत असतो. कोणत्या थरातला माल, किती टन, कोणत्या प्रतीचा, कुठे आणि कधी टाकला, ही नोंद असेल तर तो ढीग पुढच्या वेळापत्रकात बसवता येतो. जुन्या ढिगाऱ्यांत अनेक वर्षांचा माल एकमेकांत मिसळलेला असतो. अशा वेळी पुन्हा भोके पाडून नमुने घ्यावे लागतात, प्रयोगशाळेत तपासावे लागतात, आणि मगच त्यात लोह किती आणि माती किती हे कळते.