बायोडाट्यातला फोटो जागेवर राहावा म्हणून

श्रीरामपुरात रिश्त्याची बोलणी निघाली की घरच्यांच्या आधी बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचतो. 'वर्ड'मध्ये टाकलेला फोटो एखाद्या मोठ्या अक्षरासारखा ओळीत बसतो. म्हणून वर मजकूर वाढला की तोही खाली सरकतो. उपाय सोपा आहे. 'इन्सर्ट'मधून एक ओळ, दोन रकान्यांचे टेबल घ्या. डावीकडे माहिती, उजवीकडे फोटो ठेवा. शेवटी 'नो बॉर्डर' निवडा. उर्दू बायोडाट्यात फोटो डावीकडे शोभतो. पाठवताना पीडीएफ करा, म्हणजे समोरच्या मोबाइलवर मांडणी विस्कटणार नाही. मुलीचा फोटो हातोहात फिरू नये असे वाटत असेल, तर रकान्यातला फोटो काढून दुसरी पीडीएफ करा. माहिती जागेवरच राहते. आधी तीच पाठवा. बोलणी पुढे गेली की फोटो विश्वासाच्या माणसांना दाखवता येतो.