चाळणीची घरे

रव्याची चाळण निराळी आणि मैद्याची निराळी, हे ज्ञान मराठी स्वयंपाकघरात परंपरेने चालत आलेले आहे. कारखान्याच्या दारातून आत शिरताना मात्र ते पुष्कळदा उंबऱ्याबाहेरच राहते. दिल्लीच्या चावडी बाजारात लोखंडी सामानाच्या पेढ्यांवर तारेच्या जाळीची भेंडोळी रचून ठेवलेली दिसतात. तेथे 'दहा मेशची जाळी द्या' एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाने आपली गरज अर्धीच सांगितलेली असते.

मेश म्हणजे एका इंचाच्या लांबीत येणारी घरे. इंच २५.४ मिलिमीटरांचा, तेव्हा दहा मेशच्या जाळीत एका तारेच्या मध्यापासून दुसऱ्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर २.५४ मिलिमीटर भरते. परंतु या अंतरातील काही भाग तार स्वतःच व्यापते. तार एक मिलिमीटर जाडीची असेल तर मोकळे घर १.५४ मिलिमीटरांचे उरते. तीच अर्ध्या मिलिमीटरची असेल तर २.०४ मिलिमीटरांचे. पहिल्या जाळीत एकूण क्षेत्रफळापैकी सुमारे ३७ टक्के जागा मोकळी राहते, तर दुसरीत ६४ टक्क्यांहून अधिक. नाव एकच, पण वस्तू दोन! म्हणून घराचे माप आणि तारेची जाडी या दोन्ही गोष्टी मिलिमीटरमध्ये सांगाव्यात. गेजच्या आकड्यांवर विसंबणे तर अधिकच घोटाळ्याचे, कारण तेथे आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते: १६ गेजची तार १.६ मिलिमीटरांहून किंचित जाड, तर २० गेजची ०.९ मिलिमीटरच्या आसपास.

जाड तार टिकाऊ, पण ती वाट अडवते; बारीक तार माल झपाट्याने सोडते, पण लवकर तुटते. जाळीची निवड म्हणजे या दोहोंमधील तडजोड होय, आणि ती कोणत्या मालाशी गाठ आहे यावर ठरते.

दिल्लीला हा प्रश्न मुख्यत्वे दगडाच्या रूपाने भेटला. अरवलीच्या शेवटच्या टेकड्या शहरातच येऊन संपतात, आणि त्यांच्या गारेच्या दगडावर लाल कुआँ, आनंद पर्वत, तुघलकाबाद या भागांत खडी फोडण्याची यंत्रे वर्षानुवर्षे चालली. धुळीच्या त्रासामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ती बंद करविली व हरियाणातील पाली येथे त्यांच्यासाठी जागा ठरवून देण्यात आली. अशा दगडापुढे गुळगुळीत, चकचकीत स्टेनलेस पोलाद फारसे उपयोगी पडत नाही. महाग तेच उत्तम, ही समजूत येथे हमखास तोट्यात नेते. येथे हवी असते उच्च कार्बनी पोलादाची कणखर तार, आणि तीही विणण्यापूर्वीच बाक दिलेली, म्हणजे हादऱ्यांनी ती जागची सरकत नाही व घरे वाकडीतिकडी होत नाहीत. शिवाय हलती चाळण उतरती बसविलेली असते. वरून पडणाऱ्या खड्याला तिचे घर प्रत्यक्षापेक्षा लहान भासते. म्हणून २० मिलिमीटरची खडी हवी असल्यास घर त्याहून थोडे मोठे ठेवावे लागते.

बुराडी येथे २००९ मध्ये पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यापासून पुन्हा बांधकामाचा माल काढण्याचा कारखाना सुरू झाला. राडारोड्यात माती असते, आणि ओली माती हा चाळणीचा मोठा शत्रू. चौकोनी घरे ती पाहता पाहता लिंपून टाकते. अशा मालासाठी लांबट घरांची जाळी बरी. मालाचे माप तितके काटेकोर राहत नाही, पण काम थांबत नाही.

स्टेनलेस पोलादाचे खरे स्थान औषधे, अन्न आणि रसायने यांच्या कारखान्यांत. त्यातही खाऱ्या पाण्याशी किंवा क्लोराइडशी संबंध असेल तर ३०४ ऐवजी मॉलिब्डेनम असलेले ३१६ घ्यावे. बारीक गाळणीसाठी ताण्याच्या तारा जाड व बाण्याच्या तारा बारीक ठेवून त्या एकमेकींस भिडवून विणलेली डच विणीची जाळी वापरतात. तिच्यात आरपार दिसणारे घरच नसते, द्रव तिरप्या वाटेने झिरपतो.

मालाची परीक्षा करणारी चाळण ही आणखी निराळी बाब. १९४७ साली दिल्लीत स्थापन झालेली भारतीय मानक संस्था १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो म्हणून ओळखली जाते. तिच्या ४६० क्रमांकाच्या मानकात परीक्षेच्या चाळण्यांची मापे बांधून दिली आहेत. ४.७५ मिलिमीटरच्या घरातून प्रामुख्याने जाते ती वाळू, वर राहते ती खडी. पुढे ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून किती वाळू उतरते त्यावर तिचा वर्ग ठरतो: १५ ते ३४ टक्के उतरली तर ती पहिल्या वर्गातली, म्हणजे सर्वांत जाडी; ८० टक्क्यांहून अधिक उतरली तर चौथ्या वर्गातली, आणि ती सळईच्या काँक्रिटमध्ये चाचणीवाचून वापरू नये असा इशारा आहे. आता या चाळणीची घरे बुजलेली असली तर बारीक वाळू जाडी म्हणून खपून जाते. दोष चाळणीचा, भार मात्र छताने सोसायचा.

झीज तर डोळ्यांना दिसतही नाही. चार मिलिमीटरची तार घासून तीन मिलिमीटरची झाली की २० मिलिमीटरचे घर २१ मिलिमीटरचे होते. जाळी फाटलेली नसते, पण खाली पडणारी खडी बदललेली असते. म्हणून जाळी घेताना, आणि ती बसविल्यावरही ठरावीक काळाने, दहा घरे त्यांच्या तारांसह एकदम मोजून त्या मापास दहाने भागावे, तारेची जाडी व्हर्नियरने घ्यावी आणि वजाबाकी करावी. मोजणी मधोमध करावी. माल तेथेच जास्त पडतो आणि तार तेथेच आधी झिजते.